स्टेशनातल्या संग्रहालयाआधीचे कागद

मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्गावर मीटरगेजच्या काळातली एक बैठी दगडी स्टेशन-इमारत आहे. ब्रॉडगेज आल्यावर तिकीटखिडकी नव्या इमारतीत गेली आणि ही मागं राहिली. तिथं या मार्गाकाठच्या माणसांच्या इतिहासाचं संग्रहालय व्हावं म्हणून आम्ही काही जण २०२३ पासून काम करतोय. इमारत अजून ताब्यात आलेली नाही. पण संस्थेची नोंदणी झाली, न्यास (ट्रस्ट) म्हणून प्रमाणपत्र मिळालं, संग्रहाची नोंदवही तयार झाली आणि २६ जून २०२५ ला, शाहू जयंतीला, पहिलं प्रदर्शन भरलं. इथवर पोचायला काय लागलं, कुठं थांबावं लागलं, पैसे कशात गेले, हे क्रमानं लिहिते. आपापल्या गावात असं काही करायचं मनात असलेले लोक विचारतात, आणि फोनवर सांगून ते पुरं होत नाही.

आधी थोडं विषयाबद्दल, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल. ही रेल्वे कोल्हापूर संस्थानाची स्वतःची. १८८८ मध्ये काम सुरू झालं आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापारानं जोर धरला. कोल्हापूरच्या अलीकडच्या स्टेशनाचं नावच ‘गूळ मार्केट’ आहे. १९१७ मध्ये याच मार्गावर जयसिंगपूर वसलं. रुकडीजवळच्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० ला बहिष्कृत वर्गाची ती परिषद झाली, जिथं महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या हाती नेतृत्व आल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. त्यांच्यानंतर त्याच जागी सिंधमधून आलेली कुटुंबं वसली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. पन्नास किलोमीटरच्याही आतल्या पट्ट्यात हे सगळं घडलं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, न्यू पॅलेसमध्ये राजघराण्याच्या. दोन्ही जागा मला फार प्रिय आहेत. पण रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, रूळ राखणारा गँगमन, गुळाचे रवे (ढेपा) मालगाडीच्या वाघिणीत भरणारा हमाल, छावणीत दूध घालणारी बाई, यांची एकही वस्तू कुठं मांडलेली नाही. माझे वडील याच मार्गावर पॉइंट्समन होते. ते २०२२ मध्ये गेले, आणि त्यांच्या ट्रंकेतले पगाराचे कागद, शिट्टी, पास बघताना हे काम आपण करायचं असं ठरलं.

जून २०२३ मध्ये आमच्याच घरी पहिली बैठक झाली. एक निवृत्त गार्डकाका, माझ्या शाळेतले दोन सहकारी, गुळाच्या अडत्यांच्या घरातला एक मुलगा, इतिहासाच्या दोन विद्यार्थिनी. सगळ्यांना लगेच डीआरएमना, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, पत्र लिहून इमारत मागायची घाई होती. गार्डकाका म्हणाले, “बाई, इमारत आत्ताच मागू नका. रेल्वे पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही कोण? त्येचं उत्तर कागदावर पाहिजे.” हे त्यांचं वाक्य पुढं सगळ्या टप्प्यांवर खरं ठरत गेलं. रेल्वेनं विचारलं, संस्था आणि न्यास जिथं नोंदवतात त्या धर्मादाय कार्यालयानं विचारलं, बँकेनं विचारलं, आणि वस्तू देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनीही विचारलं.

ऑगस्टपासून घरोघर जायला लागलो. इथं कायद्याचा एक मुद्दा सुरुवातीलाच समजून घ्या, कारण रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या कित्येकांना तो माहीत नसतो. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्याकडचा कंदील, टोकन, घंटा कुठून आली हे समाधानकारक सांगता आलं नाही तर अडचण होऊ शकते. वस्तू शंभर वर्षांची असली तरी ती आपोआप कुटुंबाची होत नाही. त्यामुळं आम्ही नियमच केला: वस्तू हातात घेण्याआधी ती घरात कशी आली ते विचारायचं आणि लिहून, सही घेऊन ठेवायचं. निवृत्तीची भेट, भंगाराच्या लिलावात घेतलेली, स्वतःच्या पैशानं घेतलेली शिट्टी, असे वेगवेगळे रकाने केले. ज्याचा मागमूस लागत नाही ती वस्तू घ्यायची नाही, फक्त तिचा फोटो आणि हकिगत घ्यायची.

पहिलीच मोठी वस्तू या नियमाच्या कसोटीला उतरली. एका घरात गार्डचा हातकंदील होता, पितळी टोपणाचा, आत लाल आणि हिरव्या काचा फिरवायची दांडी. टोपणावर ठसा होता ‘एम. अँड एस. एम. आर.’, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १९०८ ते १९५१ या काळातली, त्यामुळं कंदिलाचं वय साधारण कळलं. काजळी अजून आतल्या पत्र्याला होती आणि काचेच्या कडेला कुणीतरी सुतळी गुंडाळून काच घट्ट बसवली होती. घरातल्या आजींना विचारलं, हा कसा आला? त्यांनी देवघराच्या फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला. त्यात लिलावाची पावती होती, चार घड्या घातलेली, घडीवर फाटलेली. “ह्यांनी सांगितलं होतं, कंदील मोडला तर चालंल, पण हा कागद टाकू नको म्हणून,” आजी म्हणाल्या. ती पावती आम्ही कंदिलाइतकीच जपून ठेवली आहे. प्रदर्शनातही दोन्ही शेजारी ठेवली.

दुसऱ्या घरी टोकनचा गोळा होता. एकेरी मार्गावर ज्या ड्रायव्हरच्या हाती तो गोळा, त्याच्याच गाडीला पुढच्या स्टेशनापर्यंत जायची मुभा, अशी ती पद्धत. गोळा ठेवायची चामड्याची पिशवी असलेलं वेताचं मोठं कडं धावत्या गाडीतून फेकायचं आणि दुसरं झेलायचं. वस्तू अप्रतिम होती, पण कागद नव्हता. देणारे काका फार नाराज झाले. तरी आम्ही घेतली नाही. कडं कसं धरायचं, हाताला कुठं लागायचं, पावसात काय व्हायचं, हे त्यांच्याकडून तासभर ऐकून रेकॉर्ड केलं. मला विचाराल तर तो आवाज गोळ्यापेक्षा मोलाचा आहे.

आवाज घेताना संमतिपत्र घ्या. एक पान, साध्या मराठीत: हे रेकॉर्डिंग संग्रहालयात ऐकवलं जाईल, नाव द्यायचं की नाही, नंतर काढून टाकायला सांगता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवायचं आणि वाचून दाखवल्याचंही रेकॉर्डिंग करायचं. वळिवड्याजवळच्या एका आजी लहानपणी आईबरोबर छावणीत दूध घालायला जायच्या. “त्या गोऱ्या बायका आईला भाकरी करून दाखव म्हणायच्या. मी चूल फुंकत बसायचो, आणि त्येंची पोरं माझ्याकडं बघत बसायची.” एवढं सांगून त्या थांबल्या आणि आधी विचारलं, “हे कुणाकुणाला ऐकवणार?” संमतिपत्राचा खरा उपयोग मला तिथं कळला.

जुन्या वस्तूंबद्दल अजून एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, आणि ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं, दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांनंतर. सगळ्याच वस्तूंची सरकारी नोंदणी लागत नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना लागते. कंदील, तिकिटं, पगारपत्रकं यांना लागली नाही. पण कुणी मूर्ती देऊ केली तर आधी पुरातत्त्व खात्यात विचारा.

कागदांचं एक मोठं काम पुरानं वाढवून ठेवलं होतं. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडच्या भागात २०१९ ला पाणी शिरलं, तेव्हा एका घरातला अल्बम भिजला. पानं एकमेकांना चिकटून वाळली होती. घरचे टाकून देणार होते. आम्ही तो तसाच आणला, ओढून उघडला नाही. जिथं पान मोकळं होतं तिथं सिलिकॉनचा कागद सरकवला, चिकटलेले फोटो जसे आहेत तसे ६०० डीपीआयवर स्कॅन केले. ज्या फोटोंचा थर उचकटायला लागला ते थांबवून तज्ज्ञाकडे दाखवायला ठेवले. भिजलेले कागद तुमच्याकडे आले तर उन्हात वाळवू नका. सावलीत, पंख्याखाली, टीपकागद बदलत वाळवा, आणि चिकटलेली पानं घरी सोडवायला जाऊ नका. गुळाच्या अडतीतली एक वही मात्र छान वाचली. तिच्यात वाघिणीचे क्रमांक आणि त्यासमोर रव्यांची संख्या लिहिलेली आहे, आणि पानापानावर गुळाचे तपकिरी बोटांचे ठसे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये माहितीचा अधिकार (आरटीआय) वापरला. रेल्वे केंद्र सरकारची असल्यानं अर्ज ऑनलाइन करता येतो, फी १० रुपये. चार प्रश्न विचारले: इमारत कुणाच्या ताब्यात, सध्या कशासाठी वापरतात, पाडायचा प्रस्ताव आहे का, वारसा यादीत आहे का. अर्ज एका विभागाकडून दुसऱ्याकडे वर्ग झाला, पण तीस दिवसांच्या आसपास उत्तर आलं. इमारत रेल्वेचीच, वारसा यादीत नाही, पाडायचा प्रस्ताव सध्या नाही. प्रश्न आटोपशीर ठेवा आणि ‘का’ विचारू नका. कागदावर असलेली माहितीच मागा. उत्तर अपुरं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याला फी नाही.

मग नोंदणी. एका एजंटनं सगळं करून द्यायचे २५ हजार सांगितले. आम्ही वकिलांकडून फक्त संस्थेची घटना तपासून घेतली, बाकी स्वतः केलं. सोसायटी म्हणून नोंदवायला किमान सात जण लागतात. सातही एकाच घरातले किंवा एकाच खात्यातले नकोत असं आम्हीच ठरवलं, म्हणून रेल्वेची तीन घरं, गुळाच्या पेठेतलं एक, गांधीनगरमधलं एक, माणगावचं एक आणि मी, अशी मांडणी झाली. नावाचे तीन पर्याय दिले. ‘राष्ट्रीय’, ‘भारत’ असे शब्द नावात अडतात, त्यामुळं साधं गावठी नाव ठेवा.

घटना म्हणजे ध्येय आणि उद्देश लिहायला जानेवारी २०२४ जवळजवळ सगळा गेला. उद्देशात ‘जतन, संग्रह, मौखिक इतिहास, संग्रहालय, शिक्षण’ असं रुंद लिहा, नुसतं ‘रेल्वे संग्रहालय’ नको. पुढं शाळांत कार्यक्रम घ्यायचा झाला की तो उद्देशात बसला पाहिजे. आणि एक कलम नक्की घाला: संस्था बंद पडली तर मालमत्ता सभासदांत वाटली न जाता तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. हे पुढं आयकराच्या सवलतीलाही लागतं. पण मला ते कलम लिहिताना कंदीलवाल्या आजी आठवत होत्या. आमच्या पश्चात त्यांचा कंदील कुणाच्या दिवाणखान्यात जाणार नाही, ही हमी त्यांना त्याच एका ओळीनं मिळते.

बाकी कागद: सर्व सभासदांचं आधार आणि पत्त्याचा पुरावा, संमतिपत्रं, पहिल्या सभेचा ठराव, कार्यालयाच्या जागेसाठी मालकाची ना-हरकत आणि घरपट्टी किंवा वीजबिल. सह्या सगळीकडे एकसारख्या हव्यात. एका सभासदांची पॅनकार्डावरची सही इंग्रजीत आणि अर्जावरची मराठीत होती, तेवढ्यावरून फाइल परत आली.

फेब्रुवारी २०२४ अखेर अर्ज भरला. मार्चच्या मध्यात लोकसभेची आचारसंहिता लागली, ७ मे ला कोल्हापूरचं मतदान झालं, आणि या काळात कर्मचारी निवडणुकीच्या कामाला. काही हलत नव्हतं. हा काळ मनाला फार जड गेला. रोज धर्मादाय कार्यालयाचं पोर्टल उघडायचं आणि तीच ओळ दिसायची. आम्ही तेवढ्यात नोंदवही पक्की केली: क्रमांक, वस्तू, माप, देणाऱ्याचं नाव, कशी मिळाली, दान की ठेव (म्हणजे मालकी देणाऱ्याचीच, सांभाळायला आमच्याकडे), कुठं ठेवली, फोटो क्रमांक. पेननं लिहिलेली, पानांना क्रमांक असलेली जाड वही, आणि शेजारी संगणकावर तीच. खोडायचं नाही, दुरुस्ती असेल तर रेघ मारून सही करायची.

जुलैत सोसायटीचं प्रमाणपत्र आलं. ऑगस्टमध्ये न्यास म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. संस्था स्थापन झाल्यावर तीन महिन्यांत तो करायचा असतो, हे विसरू नका. इथं चौकशीत एक प्रश्न आला: संग्रहातल्या वस्तू संस्थेच्या मालकीच्या की लोकांच्या? आमची वही समोर ठेवली. दान असलेल्या वस्तू वेगळ्या, ठेवीवर आलेल्या वेगळ्या, प्रत्येकाची सही. ठेवीच्या वस्तू संस्थेची मालमत्ता म्हणून दाखवायच्या नाहीत, हे तिथल्या अधिकाऱ्यांनीही सांगितलं. त्या सगळ्या संध्याकाळी रकाने भरत बसल्याचं चीज झालं असं वाटलं. मधे विधानसभेची निवडणूक आली, पुन्हा थांबलो. जानेवारी २०२५ मध्ये न्यासनोंदणीचं, ‘एफ’ क्रमांकाचं प्रमाणपत्र हातात आलं. ते घेऊन आधी गार्डकाकांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, आणि मगच हातावर साखर ठेवली.

इथून पुढचं तुलनेनं भरभर झालं. संस्थेच्या नावाचं पॅन, तेव्हा १०७ रुपये लागले. बँक खातं, त्याला ठराव आणि सही करणाऱ्यांची केवायसी. आयकरात तेव्हाच्या कायद्याप्रमाणं फॉर्म १०ए भरून १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदारांना करसवलत) ची तात्पुरती नोंदणी मिळाली, तीन वर्षांसाठी; फी नव्हती. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे एका कागदावर लिहून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. कित्येक चांगल्या संस्था याच एका गोष्टीत अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. नोंदणी पूर्ण होईपर्यंत १८ हजारांच्या आसपास खर्च आला. सरकारी फी त्यात किरकोळ. वकिलांचे ५ हजार, बाकी नोटरी, झेरॉक्स, फाइल, स्कॅनिंग आणि पेट्रोल.

२६ जूनच्या प्रदर्शनासाठी एका शाळेनं हॉल दिला. काचेची कपाटं नव्हती, म्हणून वस्तू शाळेच्या बाकांवर पांढरा कपडा घालून मांडल्या आणि प्रत्येकीसमोर देणाऱ्याच्याच शब्दांतली चिठ्ठी लावली. आम्ही स्वतःचा मजकूर कमीत कमी ठेवला. जिथं आजींचं वाक्य होतं तिथं लोक थांबत होते, जिथं आमची माहिती होती तिथं पुढं सरकत होते. गांधीनगरहून एक सत्तरीचे काका नातवाला घेऊन आले. वळिवडे स्टेशनच्या फोटोत एका बाकावर त्यांनी बोट ठेवलं आणि नातवाला म्हणाले, “तुझे पणजोबा सामान घेऊन पहिल्यांदा इथंच उतरले. बाक तेव्हाही होता असं सांगायचे.” दुसऱ्या दिवशी ते वडिलांच्या हातची एक वही घेऊन आले. कशी मिळाली, दान की ठेव, हे त्यांनी न विचारता स्वतःच सांगायला सुरुवात केली, कारण आदल्या दिवशी त्यांनी वही भरताना पाहिली होती. ती त्यांनी ठेव म्हणून दिली, पाच वर्षांसाठी.

प्रदर्शनाचे फोटो, प्रमाणपत्रांच्या प्रती, संग्रहाची यादी आणि आरटीआयचं उत्तर, असा अर्ज जुलै २०२५ मध्ये रेल्वेकडे दिला. ऑगस्टमध्ये जागेची एकत्र पाहणी झाली. भिंती चांगल्या आहेत, छपराचे वासे दोन ठिकाणी गेलेत. इमारतीची तपासणी करून अभियंत्याचा अहवाल द्यायला सांगितलंय, त्याची जुळवाजुळव चालू आहे. तोवर संग्रह शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा त्या भागात कुठवर होत्या ते शेजाऱ्यांना विचारून, प्रत्यक्ष पाहूनच ती खोली निवडली.

या मार्गाशी संबंधित काही तुमच्या घरात असेल, तर आणण्याआधी घरीच त्याचा फोटो काढा आणि ते घरात कसं आलं ते घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारून चार ओळींत लिहून घ्या. पावती, सेवापुस्तक, निवृत्तीचं पत्र, जे असेल ते सोबत आणा.